दाराचा खर्च कुठल्या खात्यात?

आमच्या सोसायटीच्या खजिनदारांचं खरं नाव मेंटेनन्सच्या पावतीवर दर महिन्याला असतं. पण ते सहीच्या रूपात, आणि ती सही आजवर कुणाला लागलेली नाही. त्यामुळे सानपाड्याच्या आमच्या सात मजली इमारतीत त्यांना सगळे ‘एसीपी’ म्हणतात. वॉचमन म्हणतो, इस्त्रीवाला म्हणतो, वहिनीसुद्धा रागात असल्या की म्हणतात. एकदा टाकीचा व्हॉल्व्ह बदलायला आलेल्या प्लंबरला हे खरंच पोलिसात आहेत असं वाटलं आणि त्याने आपणहून पन्नास रुपये सोडले. एसीपींनी ते घेतले नाहीत. म्हणाले, “पूर्ण रकमेचं बिल दे. आणि तारीख आजची टाक, कालची नको.”

पोलीस खात्याशी त्यांचा काडीचा संबंध नाही. ते एपीएमसीच्या मसाला मार्केटमध्ये एका पेढीवर हिशेब लिहितात. पंचवीस वर्षं मिरची-धण्याच्या पोत्यांशेजारी बसल्यामुळे त्यांना आता शिंक येत नाही, ती समोरच्याला येते. संध्याकाळी लिफ्टचं दार उघडलं आणि आतून जिऱ्याची झुळूक आली की एसीपी वर गेले हे कळतं. आजूबाजूला एवढे गुन्हे शोधणारा हा माणूस स्वतः गुन्हा करायला मात्र अगदी नालायक आहे. पहिल्या मजल्यावरचं आंधळं मांजरही त्यांचा माग काढील.

पदवी मिळाली ती ‘सीआयडी’ मालिकेमुळे. 21 जानेवारी 1998 ला सोनीवर ती सुरू झाली तेव्हा एसीपी वीस वर्षांचे होते. पण त्यांच्याकडे खोदून विचारलं तर ते सांगतात की खरी लागण त्याच्याही आधीची, ऐंशीच्या दशकाच्या शेवटची आहे. तेव्हा मुंबई दूरदर्शनवर ‘एक शून्य शून्य’ लागायची. पोलिसांच्या खऱ्या केसेसवरची मराठी मालिका, दिग्दर्शक बी. पी. सिंग, आणि तपास करणाऱ्यांत शिवाजी साटम. हीच जोडी दहा वर्षांनी हिंदीत सीआयडी घेऊन आली, साटम त्यात एसीपी प्रद्युम्न. हे सांगताना एसीपींचा चेहरा आपलं शेत धरणात गेलेल्या माणसासारखा होतो. “मूळ माल आपला,” ते म्हणतात, “पॅकिंग तेवढं हिंदी.”

तेव्हा त्यांचं बिऱ्हाड वाशीच्या जुन्या सिडको घरात होतं. लोकल अजून खाडी ओलांडून आली नव्हती, ती 1992 मध्ये आली. मुंबईला जायचं तर बसने पुलावरून, आणि मुंबई घरी यायची ती फक्त अँटेनातून, तीही खाडीचा वारा बरा असेल तर. टीव्ही काळापांढरा, लाकडी शटरचा. त्या शटरला कुलूप होतं आणि किल्ली वडिलांच्या बनियनच्या आत, जानव्याला. परीक्षेच्या दिवसांत शटर बंद. एका आठवड्यात अर्धी राहिलेली केस पुढच्या आठवड्यात उलगडणार होती आणि मध्ये आला इतिहासाचा पेपर. पाचवीतल्या एसीपींनी घरी कुणी नसताना त्या शटरला लाकडी पट्टी घालून उचकटलं. गुन्हेगार सापडला की नाही त्यांना आठवत नाही, कारण त्याआधी तेच सापडले. वडिलांनी मारलं नाही. सुताराला बोलावलं, त्याची मजुरी पोराच्या दिवाळीच्या फटाक्यांतून वळती केली, आणि सुतार काम करत असताना पोराला शेजारी खिळे धरून उभं केलं.

मला वाटतं सगळा माणूस त्या दुपारी घडला. पण ते नंतर लक्षात आलं.

कॉलेजात असताना मात्र आमचे एसीपी दयाचे भक्त होते. सीनियर इन्स्पेक्टर दया म्हणजे दयानंद शेट्टी. साहेबांचा हुकूम व्हायचा, दया दोन पावलं मागे जायचा आणि दार आतल्या भिंतीपर्यंत जायचं. त्या वयात दाराकडे कोण बघतं? सगळ्यांचं लक्ष पायाकडे. एसीपी सांगतात की त्या काळात सिडकोच्या एका रिकाम्या गाळ्याच्या दारावर त्यांनी स्वतः दोन वेळा प्रयोग केला होता. दार जागचं हललं नाही, पायाला मात्र तीन आठवडे क्रेप बँडेज. “सिडकोचं दार होतं,” ते अभिमानाने म्हणतात, “त्यात सीआयडी आधीच आहे. इंग्रजीत लिहून बघा. पहिली तीन अक्षरं.”

मग नोकरी, लग्न, मुलगी, गृहकर्ज. सीआयडी चालूच होती. 2018 च्या ऑक्टोबरात ती थांबली तेव्हा दीड हजारावर भाग झाले होते, पण ते पाहायला यांना सवड नव्हती. सवड मिळाली ती 2020 च्या टाळेबंदीत. दूरदर्शनने जुन्या मालिका पुन्हा लावल्या. सगळी सोसायटी रामायण बघत होती आणि एसीपी एकटे ‘ब्योमकेश बक्षी’. बासू चटर्जींची ही मालिका 1993 ची, रजित कपूर ब्योमकेश. तिथून ‘करमचंद’, तिथून मोबाइलवर सीआयडीचे जुने भाग, पहिल्यापासून. नेमक्या त्याच वर्षी सोसायटीचे आधीचे खजिनदार मुलाकडे बंगळुरूला गेले आणि वही-शिक्के यांच्या हातात आले.

हे दोन योग एकत्र यायला नको होते.

लहानपणी आवडलेली गोष्ट मोठेपणी पाहिली की लोकांना वाटतं, हे इतकं बाळबोध होतं? पार्श्वसंगीत एवढं? कॅमेरा एवढा का गरगर फिरतोय? एसीपींना त्यातलं काहीच खटकलं नाही. त्यांना एकच प्रश्न पडला. त्यांनी मालिका थांबवली, वहिनींना हाक मारली आणि विचारलं, “हे दार भरून कोण देणार?”

वहिनी म्हणाल्या, “कुठलं दार?”

“हे. दयाने तोडलेलं.”

“खुनी देईल की.”

“खुनी पकडला गेला. आत गेला. फ्लॅट भाड्याचा. मालक दुबईला. आता दार उघडं, रात्रभर. समोरच्या बिऱ्हाडाने झोपायचं कसं?”

वहिनींनी कांदा चिरायला घेतला. पण एसीपींनी दोनशे पानी वही काढली, आणि ती वही मी डोळ्यांनी पाहिली आहे. उभे रकाने आखलेले: भाग, दाराचा प्रकार, चौकटीची अवस्था, बिजागऱ्या, अंदाजे खर्च, शेरा. शेऱ्याच्या रकान्यात लाल शाईने एकेक ओळ. “बेल आहे, वाजवली नाही.” “आधी ढकलून पाहायला हवं होतं.” “खिडकी उघडी होती, प्रेक्षकाला दिसली, पथकाला नाही.” “सागवानी! अरेरे.” एका ठिकाणी नुसतं “फ्लश डोअर, ठीक आहे,” असं लिहून पुढे बरोबरची खूण.

या वहीतून त्यांचा जगातल्या सर्व गुप्तहेरांचा एक अनुक्रम तयार झाला, तो मालमत्तेच्या नुकसानीवर. सर्वांत वर ब्योमकेश. धोतर नेसतो, दार वाजवतो, बसतो, चहा घेतो, बोलता बोलता खुनी सांगतो. नुकसान शून्य, फार तर कपबशी विसळायची. त्याखाली करमचंद. 1985 ची मालिका, पंकज कपूर सतत गाजर खात. खर्च म्हणजे गाजराचा. एसीपींनी भाजीपाला मार्केटमधल्या मित्राकडून घाऊक भाव काढून तेही मांडलं आणि हा खर्च ‘किरकोळ’मध्ये बसतो असा निर्वाळा दिला. तळाला सीआयडी. “प्रेम आहे,” ते म्हणाले, “पण हिशेब हिशेबाच्या जागी.”

मी एकदा म्हटलं, अहो, खऱ्या पोलिसांनाही दार तोडावं लागतंच की. चूक झाली. एसीपींनी चष्मा पुसला. “लागतं. पण आधी आपण कोण, कशाला आलोय ते सांगायचं. आत येऊ द्या म्हणून मागणी करायची. तरी उघडलं नाही तर मग. फौजदारी प्रक्रिया संहितेत कलम 47 होतं. 1 जुलै 2024 पासून नवीन संहिता, तिच्यात 44. दयाने एकदा तरी मागणी केलेली दाखवा. तो फक्त मागे सरकतो.” मग न थांबता पुढचं: महाराष्ट्राच्या खऱ्या सीआयडीचं मुख्यालय पुण्याला आहे. न्यायवैद्यक प्रयोगशाळा कलिन्याला. शवविच्छेदन सरकारी रुग्णालयात, व्हिसेरा बाटलीत, बाटली कलिन्याला, अहवाल पुढे कधीतरी. “आणि मालिकेत डॉक्टर साळुंखे बाटली हलवतात, रंग बदलतो, नाव कळतं. आमच्या टाकीच्या पाण्याचा रिपोर्ट यायला बारा दिवस लागले, आणि त्यात खूनही नव्हता.”

हा माणूस कुरकुऱ्या आहे असं समजू नका. उलट त्याच्याइतका भाविक प्रेक्षक मी पाहिलेला नाही. 7 नोव्हेंबर 2004 चा तो प्रसिद्ध भाग, 111 मिनिटं एकसलग, एकाही कटाशिवाय चित्रित केलेला, एसीपींनी मला शेजारी बसवून दाखवला. मध्ये मला पाणी प्यायलाही उठू दिलं नाही. “त्यांनी कट घेतला नाही, तुम्ही का घेता?” संपल्यावर हळव्या आवाजात म्हणाले, “एकशे अकरा मिनिटांत आपली वार्षिक सभा मागचं इतिवृत्त मंजूर करण्यापर्यंत येते.” शिवाजी साटम पूर्वी सेंट्रल बँकेत कॅशियर होते ही गोष्ट तर ते कुठल्याही संभाषणात आणू शकतात. “म्हणून ती बोटं बघा कशी फिरतात. ती नोटा मोजलेली बोटं आहेत.” आणि फ्रेडरिक्सचं काम करणारे दिनेश फडणीस डिसेंबर 2023 मध्ये गेले, त्या दिवशी वहीत फक्त तारीख आहे. रकाने रिकामे. त्या पानावर त्यांनी पुढेही काही लिहिलं नाही, आणि कागद वाया घालवणं हे त्यांच्या स्वभावात नाही.

सोसायटीत मात्र या व्यासंगाचा ताप व्हायचा तो झाला. जिन्यात कुणीतरी कचऱ्याची पिशवी ठेवत होतं. एसीपींनी पिशवी उघडून जमिनीवर मांडली: शेवग्याची सालं, एक केमिस्टचं बिल, मुलीच्या गणवेशाचं बटण. दहा मिनिटं ते तिच्याभोवती फिरले, मग हाताची बोटं हवेत फिरवून म्हणाले, “कुछ तो गडबड है.” पिशवी त्यांच्याच घरची निघाली. वहिनींनी मुलीकडे दिली होती, मुलीला क्लासला उशीर झाला होता. एसीपींनी स्वतःला शंभर रुपये दंड केला, पावती फाडली आणि पावतीवर ‘मिळाले’ अशी स्वतःच सही केली. त्यानंतर त्यांच्या सचोटीबद्दल कुणी बोलत नाही. अकलेबद्दल बोलतात.

दारांचं तर विचारूच नका. प्रत्येक बिऱ्हाडाने एक जादा चावी पाकिटात घालून, पाकिटावर सही करून, समोरच्या घरात ठेवावी असा ठराव त्यांनी आणला. हेतू एकच. उद्या कुणावर प्रसंग आला तर दार तोडावं लागू नये. ठराव चार वर्षं प्रलंबित आहे, कारण सोसायटीत एकाही घराचं समोरच्या घराशी पटत नाही. सेफ्टी डोअरवर मात्र त्यांची श्रद्धा. “ते बाहेर उघडतं. लाथ मारणारा आत ढकलतो. म्हणजे दयाने लाथ मारली तर मोडेल कोण? दया.” नवी मुंबईत सीआयडी कधी यशस्वी होणार नाही, ठाण्यापर्यंत ठीक आहे, असं त्यांचं मत आहे. ठाण्याला का ठीक, ते त्यांनी सांगितलं नाही.

डिसेंबर 2024 मध्ये सीआयडी नव्याने सुरू झाली. एसीपींनी नवी वही घेतली. आणि एप्रिल 2025 मध्ये मालिकेत एसीपी प्रद्युम्न बॉम्बस्फोटात गेल्याचं दाखवलं. वाहिनीने श्रद्धांजलीचं चित्रही टाकलं. दुसऱ्या मजल्यावरच्या आजींच्या नातवाने ते आजींना पाठवलं, आजींना चित्र उघडेना, म्हणून त्यांनी वरचा मजकूर तेवढा आपल्या शब्दांत सोसायटीच्या ग्रुपवर टाकला: “आपले एसीपी गेले. फार वाईट झाले. ओम शांती.”

सकाळचे साडेनऊ. दहा मिनिटांत एकोणतीस जणांनी हात जोडले. तिघांनी ‘कसे काय’ विचारलं. एकाने मागच्या महिन्याच्या पावतीचं आता काय, असं विचारून ते पुसून टाकलं. वहिनी मुलीला घेऊन कऱ्हाडला माहेरी गेलेल्या, त्यांचा फोन लागेना. एसीपींचाही लागेना. पावणेदहाला पाचव्या मजल्यावर पंधरा माणसं जमली. त्यांत मीही होतो, आणि माझ्या हातात का कोण जाणे, हार होता. वॉचमनच्या मुलाने आणून दिला.

बेल वाजवली. एसीपींच्या शिस्तीप्रमाणे आधी बेल. मग दार वाजवलं, हाक मारली, आपण कोण ते सांगितलं, उघडा म्हणून मागणी केली. कलम 44 चं इतकं काटेकोर पालन पोलिसांकडूनही झालं नसेल. आतून हालचाल नाही. मग सचिवांनी दाराला नाक लावलं आणि मागे वळून हलक्या आवाजात म्हणाले, “वास येतोय.”

सगळ्यांचे चेहरे उतरले. वास येत होता हे खरं. तो पेढीवरून आणलेल्या पाच किलो बेडगी मिरचीचा होता, पण त्या क्षणी तसा विचार कोण करतो? समोरच्या घरात चावी नव्हती, ठराव प्रलंबित होता. सेफ्टी डोअर होतं, पण सताड उघडं. त्याची कडी गंजली होती आणि दुरुस्तीसाठी एसीपींनी नियमाप्रमाणे तीन कोटेशनं मागवली होती. दोनच आली होती.

तिसऱ्या मजल्यावरचा जिमवाला पोरगा पुढे झाला. त्याला बघून बायका आपोआप बाजूला सरकल्या. कुणी काही बोललं नाही, पण पंधरा माणसांच्या मनात एकच वाक्य होतं आणि ते म्हणायची लाज वाटत होती. शेवटी वॉचमनने म्हटलं. हळूच म्हटलं, पण म्हटलं. पोरगा दोन पावलं मागे सरकला.

एका लाथेत गेलं. वरची बिजागरी फुलासारखी उघडली, लॅच चौकटीचा तुकडा घेऊन सोफ्याखाली गेला, आणि मिरचीच्या पोत्याला दाराचा कोपरा लागून लाल धुरळा उठला. पंधरा माणसं एकाच वेळी शिंकली. धुरळा खाली बसला तेव्हा समोर आरामखुर्चीत एसीपी बसलेले. कानात मोठे हेडफोन, मांडीवर वही, मोबाइलवर जुना भाग. ते मोबाइलकडेच बघत होते. नंतर म्हणाले, “मला वाटलं आवाज यातला आहे. म्हटलं, आज इफेक्ट बरा दिलाय.”

मग त्यांनी मान वर केली. दार पाहिलं. पोरगा पाहिला. माझ्या हातातला हार पाहिला. हेडफोन काढले.

आजींनी रडायला सुरुवात केली, सचिवांनी खुलासा करायला. पोरगा म्हणत होता, काका सॉरी, काका मी भरून देतो, काका ईएमआयवर चालेल का. आम्ही सगळे त्या प्रश्नाची वाट बघत होतो: खर्च कुठल्या खात्यात? सिंकिंग फंड? दुरुस्ती निधी? पोराच्या वडिलांच्या मेंटेनन्समध्ये? एसीपी उठले, दारापाशी गेले, फळीवरून हात फिरवला. बुटाचा ठसा स्पष्ट उमटला होता, नऊ नंबर असावा. चौकटीचा तुटका भाग त्यांनी बोटाने चाचपला.

“एका लाथेत?” त्यांनी विचारलं.

“हो काका.”

“एकाच?”

“हो.”

त्यांनी आमच्याकडे बघितलं. “कुणी शूटिंग केलं?”

पंधरा माणसं, पंधरा मोबाइल. पाण्याचा टँकर आला तरी ज्यांचे फोन वर होतात त्यांतल्या एकानेही केलं नव्हतं. एसीपींचा चेहरा पडला. इतका पडला की मला तो खिळे धरून उभा असलेला पाचवीतला पोरगा दिसला. थोडा वेळ ते तसेच उभे राहिले. मग खाली वाकून त्यांनी दाराची खालची बिजागरी तपासली. ती शाबूत होती.

“वॉचमन,” ते म्हणाले, “वो स्टूल लाओ. दरवाज़ा पीछे से टिकाओ. नहीं, सीधा. मिर्ची का बोरा अंदर लो.” मग पोराकडे वळून, कुणी ऐकू नये अशा आवाजात, जो आम्हा सगळ्यांना ऐकू आला: “नाहीतरी बदलावंच लागणार आहे. लॅच गेला, चौकट गेली. म्हणजे आता जो काही खर्च होईल तो एकदाच.”

“म्हणजे काका?”

“म्हणजे तू बाहेर ये. दोन पावलं मागे. बूट नीट बांध.” ते स्वतः जिन्याच्या कठड्यापाशी जाऊन उभे राहिले, आम्हाला हाताने बाजूला केलं, सचिवांच्या हातात आपला फोन दिला आणि आडवा धरायला सांगितलं. लेंग्याची नाडी ताणून घेतली. घसा साफ केला.

“आणि मी म्हटल्याशिवाय मारायची नाही,” एसीपी म्हणाले, आणि नोटा मोजल्यासारखी बोटं हवेत फिरवायला लागले.